दम धरायचा नाही : स्वराज द्वीपावर स्कुबा शिकायला जाताना

लहानपणापासून आपल्याला एकच सांगितलं जातं, जरा दम धर. स्कुबाच्या पहिल्या तासाला शिकवणारा नेमकं उलटं सांगतो : काहीही झालं तरी दम धरायचा नाही. मास्कमध्ये पाणी शिरलं, कान दुखला, समोरून कासव आलं, तरी श्वास चालू राहिला पाहिजे. पुढचे चार दिवस जे काही शिकवतात ते सगळं या एका नियमाभोवती फिरतं. मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, भाचीला सोबत घेऊन, अंदमानातल्या स्वराज द्वीपावर हा कोर्स केला. स्वराज द्वीप म्हणजे २०१८पर्यंतचं हॅवलॉक, आणि तिथले लोक अजून हॅवलॉकच म्हणतात. जाण्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे लिहिते आहे.

आधी ठरवा : एक डुबकी की पूर्ण कोर्स

अंदमानच्या सहलीत बहुतेकांच्या वाट्याला येते ती एक डुबकी. शिकवणारा तुमच्या पाठीमागे सिलिंडर धरून असतो, हवा तोच भरतो आणि सोडतो, वर-खाली तोच नेतो. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. पोहता येत नसेल तरी चालतं. घरातल्या ज्येष्ठांना समुद्राचा तळ दाखवायचा असेल तर यासारखं सुख नाही. पण यातून तुम्ही काही शिकत नाही.

शिकायचं असेल तर ओपन वॉटर नावाचा कोर्स घ्या. पॅडी आणि एसएसआय या दोन संस्थांची कार्डं आपल्याकडे जास्त चालतात, आणि दोन्हींपैकी कुठलंही जगभर मान्य होतं. तीन ते चार दिवस लागतात. उथळ पाण्यातला सराव, थोडा अभ्यास, एक लेखी परीक्षा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह झाल्या की सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी मिळते. वयाची अट किमान १० वर्षं, वरची मर्यादा नाही. खर्च साधारण २५ ते ३५ हजार रुपये. एका डुबकीचे पाच हजारांच्या आगेमागे पडतात हे लक्षात घेतलं, तर तो मला अजिबात जास्त वाटत नाही.

सहल कंपन्यांच्या पॅकेजमध्ये या बेटावर एक, फार तर दोन रात्री असतात. तेवढ्यात कोर्स होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शिकायचं असेल तर पॅकेज सोडा आणि बेटावर सहा रात्री राहा. चार दिवस कोर्सचे, एक दिवस हाताशी राखून ठेवलेला. तो राखीव दिवस मला कसा कामाला आला ते पुढे येईलच.

घरी असतानाच करायची कामं

पहिलं, पोहणं. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहावं लागतं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवावं लागतं. वेळेचं बंधन नाही, पोहण्याची पद्धत कुठलीही चालते. २५ मीटरच्या तलावात आठ फेऱ्या, इतकंच. विहिरीत किंवा नदीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्यांना हे अवघड नाही. मीही सांगलीत कृष्णेच्या घाटावर तशीच शिकले. मात्र वीस वर्षांत पाण्यात उतरला नसाल तर महिनाभर आधी तलावाचा पास काढा. दमछाक झालेल्या माणसाला समुद्रात काही शिकवता येत नाही.

दुसरं, तब्येत. कोर्सच्या सुरुवातीला एक आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट येणं, मधुमेह, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गरोदरपण अशा गोष्टींबद्दल त्यात प्रश्न असतात. एखाद्या ठिकाणी ‘हो’ असेल तर डॉक्टरची सही लागते. गरोदर असाल तर मात्र हा बेत पुढेच ढकला. सही लागणार असेल तर फॉर्म आधी मागवून घ्या आणि आपल्या गावातल्या डॉक्टरकडूनच सही करून आणा, बेटावर ऐन वेळी धावपळ होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवून घेतलेत तर उत्तम. एका जुन्या सहलीत, दुसऱ्याच एका किनाऱ्यावर, फॉर्म देणाऱ्या मुलाने मला सांगितलं होतं, “ताई, सगळीकडे नाही लिहा, नाहीतर उशीर होईल.” मी तिथे पाण्यात उतरले नाही. तुम्हीही असं कुणाचं ऐकू नका. पाण्याखाली दम्याचा झटका आला तर तो फॉर्म कुणाच्या उपयोगाचा नाही.

तिसरं, अभ्यास. पुस्तकी भाग हल्ली मोबाइलवर असतो आणि तो घरीच संपवता येतो. बेटावर नेटचा भरवसा धरू नका, सगळं आधी उतरवून घ्या. सुट्टीतली संध्याकाळ खोलीत बसून व्हिडिओ बघण्यात घालवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

चौथं, चष्मा. नंबर असेल तर आधी कळवा, नंबराचे मास्क मिळतात. मऊ काँटॅक्ट लेन्सही चालतात.

कपड्यांविषयी मला अनेक बायका विचारतात. वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, अंगभर असतो आणि त्याच्या आत पोहण्याचा पोशाख किंवा लेगिंग्ज आणि अंगाबरोबर बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालता येतो. संकोचापायी कुणी मागे राहू नये.

कधी जायचं, कसं पोचायचं

ऑक्टोबर ते मे हा हंगाम, त्यातही जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत आणि पाणी नितळ. मे संपता संपता पाऊस येतो. विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं. त्याचं नाव २०२४पासून श्री विजयपुरम झालं आहे, त्यामुळे तिकिटांवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. तिथून बोटीने दीड ते अडीच तास. खासगी बोटी जलद, सरकारी बोट स्वस्त. हंगामात दोन्हींची तिकिटं लवकर संपतात, म्हणून विमानाबरोबरच काढून ठेवा.

डाइव्ह सेंटरं बहुतेक गोविंदनगर आणि विजयनगर या भागांत, पूर्व किनाऱ्यावर आहेत. राहायचं तिथेच. राधानगरचा प्रसिद्ध किनारा बेटाच्या दुसऱ्या बाजूला आहे, तो एखाद्या संध्याकाळी बघून या. ओहोटीला पूर्वेकडचं पाणी इतकं आत जातं की बोट किनाऱ्याला लागत नाही, त्यामुळे निघण्याची वेळ भरती-ओहोटी ठरवते. दिवसही तिथे लवकर सुरू होतो, कारण घड्याळ आपलंच असलं तरी बेट फार पूर्वेला आहे. हिवाळ्यात साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. सकाळी सहा-साडेसहाला हजर राहायला सांगतील, तेव्हा रात्री लवकर झोपा.

कुणाकडे शिकायचं

स्वस्त-महाग याच्या आधी चार प्रश्न विचारा. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? नियम आठपर्यंत परवानगी देतो, पण मी चारच्या वर जाणार नाही. तोच शिक्षक चारही दिवस असणार का? बोटीवर ऑक्सिजनचा संच असतो का, आणि अपघात झाला तर पेशंटला कुठे नि कसं हलवतात? हवामान बिघडून डाइव्ह रद्द झाली तर पैशांचं काय? नीट सेंटर असेल तर या प्रश्नांनी कुणी वैतागत नाही, उलट तुम्हाला संच उघडून दाखवतात. भाषेचंही विचारा. हिंदीत सहज शिकवतात, शोधलंत तर मराठी शिक्षकही भेटतो, आणि घाबरलेल्या माणसाला आपल्या भाषेत “सावकाश, काही होत नाही” ऐकू आलं की फरक पडतो.

अंदमान जमत नसेल तर कोकणात मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा शिकवणारी संस्था आहे. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पण शिकायला नितळ पाणी लागतंच असं नाही. गढूळ पाण्यात शिकलेला माणूस पुढे कुठेही डगमगत नाही, असं मला बऱ्याच जुन्या डायव्हर्सकडून ऐकायला मिळालं.

पहिला दिवस : कमरेइतक्या पाण्यात

सुरुवात सामान जोडण्यापासून होते. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा सार्वत्रिक गैरसमज आहे. त्यात आपण घेतो तीच साधी हवा असते, गाळून दाबून भरलेली. ती तोंडापर्यंत आणणारं ते रेग्युलेटर. अंगात घालायचं, हवा भरून फुगवता येणारं जाकीट म्हणजे बीसीडी. किती हवा उरली ते दाखवणारा गेज. कमरेला शिशाची वजनं, कारण वेटसूट आणि आपलं शरीर दोन्ही तरंगू पाहतात.

मग गुडघ्यांवर बसून पाण्याखाली पहिला श्वास. पहिली दोन मिनिटं छाती नकार देते. तोंडाने घेतलेला श्वास पुरेसा वाटत नाही, म्हणून आपण भराभर घेतो, आणि त्याने आणखी गुदमरल्यासारखं होतं. उपाय एकच, लांब उच्छ्वास. आत घेण्याचा विचार सोडा आणि बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या. बुडबुड्यांचा आवाज ऐकत सहा मोजेपर्यंत सोडत राहायचं, आत घेणं आपोआप होतं. प्राणायाम करणाऱ्यांना हे लवकर जमतं, फक्त कुंभक इथे वर्ज्य.

सगळ्यांना धडकी भरवणारा सराव म्हणजे मास्कमध्ये पाणी भरून ते काढणं. मी तो कसा केला ते सविस्तर सांगते. मास्कची वरची कड बोटाने जरा उचलली की गार पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरतं, नाकपुड्यांपर्यंत येतं. त्या क्षणी नाक पाणी ओढू पाहतं. आपण तोंडाने श्वास घेत राहायचं, दोन-तीन शांत श्वास, पाणी तसंच असू द्यायचं. पाणी नाकाशी असतानाही श्वास चालतो ही खात्री शरीराला पटली की अर्धी भीती गेली. मग मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने एक लांब, संथ हवा सोडायची. पाणी खालच्या कडेने निघून जातं. मी पहिल्यांदा एकदम जोरात फुंकलं आणि अर्धं पाणी आतच राहिलं. हळू सोडलं तेव्हा एका श्वासात मास्क कोरडा झाला. घरी बादलीत तोंड बुडवून, तोंडात स्नॉर्कल (श्वास घ्यायची वाकडी नळी) धरून आणि मास्क न लावता पाच मिनिटं श्वास घ्यायचा सराव करून गेलात तर हा दिवस खूप सोपा जातो. आणि वेणी घट्ट बांधा. केसांची एक बट मास्कखाली आली की पाणी झिरपतच राहतं. पुरुषांच्या मिशीचंही तेच, तिथे थोडं व्हॅसलीन लावतात.

खुणाही याच दिवशी पाठ होतात. आपल्या सवयीचा वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. मान डोलावण्याला तिथे काहीच अर्थ नाही. कान दुखत असेल तर कानाकडे बोट, हवा संपली तर गळ्यावरून आडवा हात.

कानांची काळजी

कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांत भीतीपेक्षा कानांमुळे सोडणारे मला जास्त दिसले. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो जमिनीच्या दुप्पट होतो. कानाच्या पडद्यामागची हवा त्याने आकसते. नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडली की कानात ‘टप्’ होतं आणि दाब जुळतो. हे दुखायला लागायच्या आधी करायचं असतं. डोकं पाण्याखाली जाताच पहिल्यांदा, मग साधारण दर हातभर उतरल्यावर. पाय खाली ठेवून, दोर धरून सावकाश उतरलं तर सोपं जातं. कान उघडला नाही तर मीटरभर वर या आणि पुन्हा करा. जोर कधीच लावू नका, पडदा फाटू शकतो.

तिसऱ्या दिवशी माझा उजवा कान तीन मीटरवर अडला. आदल्या रात्री ओल्या केसांनी एसीत झोपले होते आणि सर्दी झाली होती. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते तेव्हा शिक्षकाने शांतपणे अंगठा वर केला आणि मला वर घेऊन आला. बोटीवर मला रडू आलं. भाचीची डाइव्ह झाली, माझी राहिली. सर्दीची गोळी घेऊन उतरायचा मोह होतो, पण गोळीचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि ते उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट. मी तो दिवस वाफ घेत काढला आणि राखून ठेवलेल्या पाचव्या दिवशी कोर्स पूर्ण केला.

दम का धरायचा नाही

दाबाचं हेच गणित फुफ्फुसांना लागू आहे. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. तो कोंडून वर आलात तर फुफ्फुसाला इजा होते, अगदी दीड-दोन मीटरच्या फरकानेही. म्हणजे धोका खोल पाण्यापेक्षा वरच्या थरात जास्त आहे, जिथे नवशिक्याला सुरक्षित वाटतं.

यासाठी एक सराव असतो. सहा ते नऊ मीटरवरून, हवा संपली आहे असं समजून, रेग्युलेटर तोंडात ठेवून, एकाच उच्छ्वासात वर यायचं आणि पूर्ण वेळ ‘आऽऽ’ म्हणत राहायचं. मला वाटलं होतं अर्ध्या वाटेतच श्वास संपेल. संपत नाही. वर येऊ तशी आतली हवा प्रसरण पावत जाते आणि ‘आ’ लांबत राहतो. पाठ्यपुस्तकातला नियम आपल्याच छातीत असा कळणं ही या कोर्समधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

एरवी वर येताना कधीच घाई नाही. मिनिटाला नऊ मीटर हा वेग चांगला. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो.

तरंगणं जमलं की सगळं जमलं

तळाला टेकायचं नाही आणि वरही उडायचं नाही, मधोमध राहायचं. सुरुवातीला सगळे बीसीडीचं बटण सारखं दाबत बसतात. बटणाला हात न लावता श्वासावर राहून बघा. लांब श्वास घेतला की क्षणभराने शरीर वर सरकतं, सोडला की खाली. हा क्षणभराचा उशीर ओळखता आला की काम झालं. हात छातीशी बांधून ठेवा. हाताने पाणी कापलं तर फक्त हवा खर्च होते.

हवेचा हिशेबही सोपा आहे. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा. ५० बार राखून १६५० लिटर वापरायची. जमिनीवर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर दहा मीटरवर ४० लागते, म्हणजे साधारण चाळीस मिनिटं. घाबरलेला माणूस तीच हवा वीस मिनिटांत संपवतो. गेज सतत बघा, आणि सोबत्यालाही खुणेने विचारा.

तरंगणं येत नसेल तोवर प्रवाळांपासून दूर राहा, ही माझी कळकळीची विनंती. ते दगडासारखे दिसतात, पण सजीव आहेत, आणि त्यांच्या कित्येक जाती वर्षाला एक-दोन सेंटिमीटरच वाढतात. फिनचा, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्याचा, एक फटका म्हणजे कित्येक वर्षांची वाढ गेली. २०१०मध्ये पाणी तापल्याने अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. जे उरलं आहे, सावरतं आहे, त्याला आपला धक्का नको. वाळूतला शिंपलाही उचलू नका. प्रवाळ आणि कित्येक शंख-शिंपल्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामानातून काढून घेतात.

बोटीवर

पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको. दोन इडल्या किंवा वाटीभर पोहे पुरे. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या, बोटीवर चढल्यावर उपयोग नाही. मागच्या बाजूला बसा, क्षितिजाकडे बघा. पाणी भरपूर प्या, आदल्या रात्री दारू नको.

नवशिक्यांना बहुधा नेमो रीफ किंवा लाइटहाउसला नेतात. उतरण्यापूर्वी सोबत्याचं सगळं सामान तपासायचं : बीसीडी, वजनं, पट्टे, हवा. रोज तपासायचं, चौथ्या दिवशीही. खाली गेल्यावर एकदा अगदी स्थिर राहून ऐका. कुरूम कुरूम असा आवाज येतो. पोपटमासे चोचीने प्रवाळ कुरतडत असतात. आवाज कुठून येतो ते कळत नाही, कारण पाण्यात तो हवेच्या चौपट वेगाने दोन्ही कानांवर एकदम पोचतो.

परत निघताना

शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्या. उंचावर दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. बोटीच्या प्रवासाला अडचण नाही. म्हणून शेवटच्या डाइव्हच्या दुसऱ्या दिवशी श्री विजयपुरमला या आणि तो दिवस सेल्युलर जेलला द्या. १९११ ते १९२१ या काळात सावरकर जिथे होते ती कोठडी बघायला आपली माणसं गर्दी करतात, पण घाईने बघून निघतात. तुमच्याकडे वेळ आहे, गच्चीवर जाऊन समुद्र बघा. आठवडाभर ज्या पाण्यात मोकळं फिरलो तेच पाणी तिथून भिंतीसारखं दिसतं.

लॉगबुक मात्र बेटावरच, रोज संध्याकाळी भरून टाका : जागा, खोली, किती मिनिटं, किती हवा उरली, आणि कमरेला किती किलो वजन लावलं होतं. पुढच्या ठिकाणी पहिला प्रश्न त्या वजनाचाच येतो. मला चार किलो लागतात, भाचीला तीन.